ओंजळीतली मुंगी

“...ते सगळं कळलं. मुंगी दिसते का मला, तेवढं सांग.”

डॉक्टर कुबेर मगदूम बोलता बोलता थांबला.

बराच वेळ तो एकटाच बोलत होता. समोर पाटावर नमितसागर महाराज बसले होते. दिगंबर मुनी. अंगावर सुताचा धागा नाही, मांडीशी मोरपिसांची पिंछी, शेजारी कमंडलू. पारसगुडीच्या टेकडीवरच्या जैन बस्तीतली, म्हणजे देवळातली, ही दगडी खोली तशी रिकामीच असायची. आज कुबेरनं आणलेलं यंत्र मधोमध नवऱ्या मुलासारखं बसलं होतं.

यंत्र परदेशातलं. आसपासच्या चार तालुक्यांत तसं दुसरं नव्हतं, आणि ही गोष्ट कुबेर कुणाला विसरू देत नसे. डोळ्यात थेंब घालायला नको, टोचायला नको. समोरच्या हिरव्या ठिपक्याकडे पाहायचं, झालं. डोळ्याच्या मागचा पडदा, त्याचे एकावर एक थर, मेंदूकडे जाणारी नस... सगळ्याचं चित्र स्क्रीनवर.

“माणसाला कळायच्या कितीतरी आधी आम्हाला कळतं,” हे त्याचं लाडकं वाक्य. इस्पितळाच्या पाटीवर ते होतं, नेत्रशिबिरांच्या फलकांवर होतं, सत्काराच्या भाषणांत तर दोनदा असायचं. फलकावर त्या वाक्यापेक्षा कुबेरचा फोटो मोठा असायचा, हा भाग वेगळा.

आत्ताही त्यानं तेच म्हटलं होतं. त्यावर महाराजांनी मुंगीचं विचारलं होतं.

“महाराज, हा काचबिंदू आहे,” कुबेर म्हणाला. “डोळ्यातला दाब वाढतो. नस सुकत जाते. दुखत नाही, खुपत नाही, त्यामुळं...”

“मुंगी.”

“सांगतो ना.”

पण तो सांगेना.

दीक्षा घेण्याआधी महाराज कुबेरच्या गावच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. आदगोंडा मास्तर. पुठ्ठ्याच्या खोक्याला सुईनं भोक पाडून त्यांनी एकदा मुलांना शाळेसमोरचं चिंचेचं झाड उलटं करून दाखवलं होतं. आपला डोळा असाच असतो म्हणाले होते. कुबेर डोळ्यांचा डॉक्टर झाला तो त्या खोक्यामुळं. मास्तरांची आणखी एक सवय त्याच्या लक्षात होती. प्रश्न विचारला की ते पाटीवरचं उत्तर बघत नसत. पोराच्या तोंडाकडे बघत बसत.

आत्ताही तसेच बघत होते.

प्रश्न साधा नव्हता. मुनीनं चार हात पुढची जमीन पाहून पाऊल टाकायचं, पायाखाली जीव जाता कामा नये. दिवसातून एकदाच, उभ्यानं, स्वतःच्या ओंजळीत आहार घ्यायचा, तोही नीट पाहून. घासात केस निघाला, किडामुंगी निघाली, की अंतराय. ओंजळ सोडायची आणि खाली बसायचं. मग दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्याचा थेंबसुद्धा नाही.

आणि डोळ्यांच्यानं हे होईनासं झालं तर... तर मुनी आपल्या आचार्यांची आज्ञा मागतो आणि अन्नपाणी हळूहळू सोडून देतो. सल्लेखना. कुबेर याच समाजात वाढलेला. त्याला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

चातुर्मास संपत आला होता. आता विहार, म्हणजे पायी पुढच्या गावी निघायचं. अशात महाराज बस्तीच्या पायरीवर अडखळले, म्हणून टेकडीवरच्या लोकांनी घाबरून कुबेरला बोलावलं होतं. आपला डॉक्टर, मोठा डॉक्टर. तो बघेल सगळं.

त्यानं बघितलं होतं.

स्क्रीनवर महाराजांच्या दोन्ही डोळ्यांच्या नसा होत्या. जिथं हिरवं हवं तिथं लाल. दोन्हीकडे वरचा भाग पार गेलेला. नसेचा वरचा भाग गेला की नजरेचा खालचा भाग जातो. पाय जातात, पायरी जाते, ओंजळ जाते. वरचं तेवढं राहतं. माणसांचे चेहरे, झाडांचे शेंडे, बस्तीचा कळस.

अशा माणसाला तिथं अंधार दिसतो म्हणावं, तर तसंही नाही. जिथं दिसत नाही तिथं मन पदरचं भरून टाकतं. जमीन स्वच्छ दिसते. तिच्यावरची मुंगी तेवढी नसते.

लवकर ओळखायचं म्हणून आणलेल्या यंत्रानं फार उशीर झाल्याचं सांगितलं होतं.  हा माणूस त्याला बापाच्या जागी होता.

“दिसते, महाराज,” तो म्हणाला. “सुरुवात आहे अजून. एक औषध आहे, दिवसातून एकच थेंब. आहाराच्या वेळीच घालू. व्रताला धक्का लागणार नाही, मी विचार करून आलोय.”

महाराज त्याच्याकडे पाहत राहिले...

“बरं,” ते म्हणाले. “आज इथंच राहा.”

बाहेर बाळगोंडा आण्णा ताटकळत उभा होता. बस्तीचा कारभार तोच बघायचा. महाराज कुठंही निघाले की पुढं आण्णा आणि मागं महाराज, हा इथला शिरस्ता होता.

“काय म्हणतंय यंत्र, डाक्टर?”

कुबेरनं त्याला उंबराच्या झाडाखाली नेलं.

“आण्णा, खालचं काही दिसत नाही त्यांना. पायाखालचंही नाही आणि ओंजळीतलंही नाही.”

आण्णानं वळून बस्तीकडे पाहिलं.

“म्हणजे... महाराज आता...”

“काही होत नाही. मी दिसतं म्हणून सांगितलंय. त्यांना स्वतःला कळलेलं नाही, अशा माणसाला कळतच नाही. आपण सगळ्यांनी मिळून सांभाळायचं.”

“आमी काय करायचं म्हणतासा?”

“काही बोलायचं नाही. त्यांच्यासमोर चेहरा नेहमीसारखा ठेवायचा.”

“जमंल न्हवं मला?” आण्णानं डोळे पुसत विचारलं.

“जमवायचं, आण्णा.”

संध्याकाळपर्यंत गोष्ट टेकडीवरच्या घराघरांत पोचली. प्रत्येकानं ती दुसऱ्याला ‘कुणाला बोलू नको’ असं बजावूनच सांगितली.

सकाळी कुबेर शुद्ध धोतर नेसून, हातात कलश घेऊन आण्णाच्या दारात उभा राहिला. आहार कुणाकडे घ्यायचा हे मुनी आधी सांगत नाहीत. ते निघतात, आणि त्यांच्या मनातला संकेत जुळेल त्या दारी थांबतात. शेजारच्या दारांतही माणसं उभी होती. सगळ्यांच्या पोटात एकच काळजी होती. लागोपाठ दोन दिवस अंतराय झाला होता. परवा घासात केस निघाला तेव्हा वाढणारी बाई कावरीबावरी झाली, आणि महाराजांनी तिथंच ओंजळ सोडली. काल आण्णाची सून हातातला चमचा धरून दचकली, तेव्हाही तेच झालं. दोन दिवस त्या म्हाताऱ्या देहात पाणी गेलं नव्हतं.

महाराज आले. पुढं आण्णा होता. रोज तो मान खाली घालून चालायचा. आज मात्र पावलापावलाला मागं वळून महाराजांकडे बघत होता, आणि तोंडावर एक हसू चिकटवलेलं होतं.

“नमोस्तु महाराज, नमोस्तु... अत्र तिष्ठ, तिष्ठ...” दारादारांतून आवाज उठले.

महाराज कुबेरसमोर थांबले.

कुबेरला भरून आलं. त्यानं प्रदक्षिणा घातली, पाय धुतले, आत नेलं. महाराज पाटावर उभे राहिले आणि त्यांनी ओंजळ जुळवली. आता आहार होईपर्यंत ते बोलणार नव्हते. बाकीची माणसं मागं, भिंतीशी दाटीनं उभी होती. ओंजळीच्या अगदी समोर कुबेर एकटाच.

आधी पाणी. उकळून निववलेलं, कोमट. कुबेरनं भांडं तिरकं केलं. ओंजळ भरली.

महाराजांच्या मनगटावरून एक मुंगी उतरत होती. कुठून चढली कोण जाणे. ती बोटांच्या कडेला आली, घुटमळली आणि पाण्यात पडली.

ती पोहत होती. सहा पायांनी धडपडत होती.

कुबेरला ती स्वच्छ दिसली.

सांगावं तर अंतराय. तिसरा दिवस. ओठांना भेगा पडल्या होत्या, मनगटाची शीर खाली बसली होती, आणि हे सगळं डॉक्टरला कुणी दाखवावं लागत नाही. एवढी एक ओंजळ जाऊ दे, त्याच्या मनात आलं. एवढीच. मग पुढं बघू.

वाईट बातमी पोटात असताना रुग्णासमोर चेहरा कसा ठेवायचा, हे डॉक्टर लोकांना शिकावं लागतं. कुबेर ते फार चांगलं शिकला होता. आतमध्ये काहीही चालू दे, वर समजू द्यायचं नाही. त्यानं तोच चेहरा लावला. कपाळ मोकळं, ओठ सैल, डोळ्यांत थोडी माया.

महाराजांनी मान खाली घातलीच नाही. ते ओंजळीकडे पाहत नव्हते. कुबेरकडे पाहत होते.

पाहत राहिले...

मग त्यांनी ओंजळ तोंडाला लावली. घसा हलला.

आणि त्यानंतर कुबेरला चेहरा सावरता आला नाही. डोळे भरले. हनुवटी कापायला लागली. 

महाराजांच्या ओंजळीची बोटं सुटली. उरलेलं पाणी फरशीवर पडलं. ते हळूच पाटावर खाली बसले.

“अगं आई गं... आज पण?” मागं कुणीतरी म्हणालं. काय झालं ते कुणालाच कळलं नाही. ज्याला कळलं होतं तो कुबेर भांडं हातात धरून उभा होता.

दुपारी त्या दगडी खोलीत महाराज आणि कुबेर, दोघंच होते. यंत्र कालच्या जागीच होतं, बंद.

“मुंगी होती,” महाराज म्हणाले.

“...हो.”

“जिवंत?”

कुबेरनं होकारार्थी मान हलवली. 

महाराजांनी डोळे मिटून घेतले. बराच वेळ त्यांचे ओठ हलत होते. तेवढा वेळ कुबेर फरशीवर डोकं टेकून पडून राहिला. आपण मेलो असतो तर बरं झालं असतं, असं त्याला खरोखर वाटलं.

“चूक माझी आहे, महाराज. काल मी खोटं बोललो. खालची नजर गेलीय तुमची. दोन्ही डोळ्यांची.”

“ठाऊक आहे.”

कुबेरनं डोकं वर काढलं.

“ठाऊक आहे?”

“एकदा ओंजळ रिकामी झाली होती. मला भरलेली दिसत होती... तेव्हाच कळलं.”

“मग इतके दिवस तुम्ही आहार...”

“वाढणाऱ्याचं तोंड बघून.”

महाराज वाढणाऱ्याकडे किती मायेनं बघतात, असं सगळे म्हणायचे. बायका घरी जाऊन सांगायच्या, आज महाराजांनी माझ्याकडे पाहिलं. कुबेरला लोकांनी सांगितलेली परवाची कावरीबावरी झालेली बाई आठवली. हातातला चमचा धरून दचकलेली आण्णाची सून आठवली.

“आणि चालताना?”

“आण्णा मुंगी बघून पाऊल वळवायचा. मी आण्णाला बघून.”

“आचार्यांना माहीत आहे हे?”

“त्यांना विचारलं होतं. म्हणाले, ज्याच्या डोळ्यांनी बघतोस तो लपवत नाही तोवर चालू दे.”

बाहेर उंबरावर पाखरं कलकलत होती. कुबेर घाईघाईनं उठून बसला. त्याला अजून वाट दिसत होती.

“महाराज, मग उद्या माझी आई येईल. ती वाढेल. तिला काही लपवता येत नाही हो, सगळं तोंडावर दिसतं तिच्या. मी परत समोर उभा राहणार नाही...”

“आज आण्णा कसा चालला, पाहिलंस?”

कुबेरनं पाहिलं होतं.

“कुणाला ठाऊक नव्हतं,” महाराज म्हणाले, “तोवर कुणी तोंड लपवत नव्हतं.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर कुबेरला तो सोसला असता.

“शस्त्रक्रिया करू. थेंब सुरू करू आजच. मी इथंच राहतो, इस्पितळ बंद ठेवतो...”

“गेलेलं परत येतं?”

“...नाही. पण उरलेलं वाचतं.”

“उरलेल्यात काय दिसतं?”

कुबेरनं बंद स्क्रीनकडे पाहिलं.

“चेहरे,” तो शेवटी म्हणाला.

“कालपर्यंत पुरत होते ते.”

दाराशी आण्णा येऊन उभा राहिला होता. महाराजांनी तिकडे पाहिलं. आण्णानं पटकन हसू आणलं. सकाळचंच हसू.

“आण्णा, आचार्यांकडे माणूस पाठव.”

“काय... काय सांगू म्हाराज त्यास्नी?”

“आज्ञा हवी म्हणून सांग.”

कशाची ते आण्णानं विचारलं नाही. तोंडावरचं हसू तसंच ठेवून तो उंबऱ्यावर बसला, आणि मग लहान पोरासारखा मोठ्यानं रडायला लागला. टेकडीवरची माणसं एकेक करून अंगणात गोळा झाली. आत यायचं धाडस कुणाला झालं नाही.

कुबेर यंत्राशेजारी बसून होता. हनुवटी टेकवायच्या पट्टीवर त्याचा हात होता. यंत्राला हात लावून बसायची त्याची सवयच होती. वर्षानुवर्षं या यंत्रासमोर माणसं आली होती, आणि उशिरा आलेल्या प्रत्येकाला त्यानं ऐकवलं होतं. कुठं होता इतके दिवस? आधी का नाही आलात? बायामाणसं खाली मान घालून ऐकून घ्यायची. त्यातल्या एकीनंही उलटून विचारलं नव्हतं, की तुम्ही का नाही आलात? पारसगुडीची टेकडी त्याच्या इस्पितळापासून तासाभराच्या अंतरावर होती. शिबिरांचे फलक पायथ्यापर्यंत लागले होते. वर मात्र तो आला नव्हता. वरच्या माणसांत फोटो काढून घेण्यासारखं काही नव्हतं.

“महाराज...”

महाराजांनी त्याच्याकडे पाहिलं.

“एवढं एक सांगा. नजर नेमकी कधी गेली तुमची?” त्याचा आवाज फाटला. “मी केव्हा यायला हवं होतं?”

महाराजांनी पिंछी उचलली. जमिनीवरचा जीव बाजूला करताना ती जशी फिरवतात, तशी त्यांनी ती कुबेरच्या ओल्या चेहऱ्यावरून हलकेच फिरवली. कपाळावरून, डोळ्यांवरून, हनुवटीवरून...

“आज सकाळी, कुबेर. तू पाणी घालत होतास तेव्हा.”